वासावरून मीठ

"कढई उतरवलीस कशाला?" पा लामाय यांनी विचारलं.

"फुटत होतं," शरयू म्हणाली. "नारळाचं दूध. अजून जरा राहिलं असतं तर तेल आणि पाणी वेगळं झालं असतं."

"मग?"

"मग काय? वाया गेलं असतं सगळं."

पा लामाय यांनी कढई उचलून पुन्हा शेगडीवर ठेवली. आच होती त्याहून थोडी वाढवली.

"फुटू दे," त्या म्हणाल्या.

शरयूने शेजारी लसूण सोलत बसलेल्या नणंदेकडे बघितलं. सुलूने खांदे उडवले. स्वयंपाकातल्या वादात सुलू कधीच पडत नसे. तिचा जन्म बँकेत गेला होता, आणि कुकरच्या शिट्टीपलीकडे तिला शेगडीशी कर्तव्य नव्हतं.

चिअँग माई शहराबाहेर, पा लामाय यांच्या घरामागच्या अंगणात हे चाललं होतं. वर पत्रे, चारही बाजू मोकळ्या, ओळीने शेगड्या. थायलंड बघायला आलेली माणसं इथे एक दिवस स्वयंपाक शिकायला येत. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'पा' म्हणतात, आपण मोठ्या मावशीला हाक मारावी तसं. पंच्याहत्तरीच्या आसपासच्या या पा कोणालाही कृती लिहून देत नसत. कोणी फोन काढून चित्रण करू लागलं की त्याच्या हातात लसणाचे गड्डे ठेवत. दोन्ही हात गुंतले की फोन आपोआप खिशात जातो. सुलू लसूण सोलत होती ती त्यामुळेच.

त्या दिवशी शिकायला या दोघीच होत्या. तिघींचंही इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे कोणाचं कोणाला अडलं नाही.

शरयू मात्र सकाळपासून जरा ताठच होती. ती वेंगुर्ल्याच्या नाडकर्णींची सून. नारळाच्या बाबतीत आपल्याला कोणी काही शिकवावं असं तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर वाटलेलं नव्हतं. तिच्या घरी पातळ दूध आधी, दाट दूध अगदी शेवटी. ते घातलं की आच मंद करायची, ढवळत राहायचं, उकळी फुटू द्यायची नाही. दूध फुटलं तर घरात तोंड लपवायला जागा नसे.

इथे या बाईने दाट दूध आधीच कढईत ओतलं होतं, आणि आता ते फुटायची वाट बघत होती.

फुटलंच. पांढऱ्यावर तेलाचे बारीक डोळे आले, मग ते एकमेकांत मिसळत गेले.

"बिघडलं," शरयू म्हणाली.

"हो," पा म्हणाल्या.

"मुद्दाम बिघडवायचं?"

"वाटण कशात परतणार? त्याचं तेल त्यालाच सोडायला लागतं."

त्यांनी खलातलं हिरवं वाटण कढईत सोडलं. मिरची, गवती चहा, कोथिंबिरीची मुळं, लिंबाची साल. सकाळभर शरयूनेच ते कुटलं होतं. वाफ उठली आणि तिघींनाही एकदम ठसका लागला.

"अगं बाई!" सुलू डोळे पुसत म्हणाली. "वहिनी, हा वास तर थेट आपल्या अळूच्या... नाही, कशासारखा तरी आहे."

"कशासारखाही नाही," शरयू म्हणाली. पण ती कढईपासून मागे सरली नाही.

मग पातळ दूध गेलं. वाटाण्याएवढी हिरवी वांगी गेली. शेवटी कोळंबी. ती लाल होऊन वळली तसा पा लामाय यांनी एक लहान चमचा शरयूच्या हातात दिला.

"चाख."

शरयूने चमचा घेतला, पुसला आणि बाजूला ठेवला.

"मी चाखत नाही."

"पोट बरं नाही?"

"पोट बरं आहे. स्वयंपाक करताना चाखायचं नाही अशी आमच्याकडे पद्धत आहे. आधी देवाला नैवेद्य. त्याच्या आधी जिभेला लावलं की ते उष्टं होतं."

पा लामाय यांनी कढईकडे बघितलं, मग शरयूकडे.

"तुमचे देव कोळंबी खातात?"

"...नाही."

"मग आज त्यांची एवढी काळजी का?"

सुलूला हसू आवरेना. "बरोबर बोलल्या. दादा पण हेच म्हणायचा. माशाच्या आमटीलासुद्धा हिचं सोवळं."

"तू लसूण सोल," शरयू म्हणाली.

पा लामाय यांनी केळीच्या पानाचा एक द्रोण घेतला. कढईतली पहिली पळी त्यात वाढली, वर एक कोळंबी नीट मधोमध ठेवली. अंगणाच्या कोपऱ्यात खांबावर एक लहानसं लाकडी देऊळ होतं, कबुतराच्या खुराड्याएवढं. त्यांनी द्रोण तिथे नेऊन ठेवला, उदबत्ती लावली, हात जोडले.

"हे कोण?" सुलूने विचारलं.

"जागेचे मालक. आमच्या आधीपासून इथे राहतात. घर राखतात."

"म्हणजे राखणदार! वहिनी, यांचासुद्धा राखणदार आहे बघ. आणि आपल्या राखणदाराला तर कोंबडा लागतो, त्याला कोळंबीचं काय!"

शरयूने नकळत पदर सारखा केला आणि देवळाच्या दिशेने हात जोडले.

पा लामाय परत आल्या. चमचा उचलून पुन्हा शरयूच्या हातात दिला.

"त्यांचं झालं. आता चाख."

शरयू चमच्याकडे बघत राहिली.

"मला सवय नाही, पा. खरंच नाही. मला वासावरून मीठ कळतं."

"वासावरून?"

"हो. सगळ्या गावाला माहीत आहे. पन्नास पानं असोत की पाच, मी कधी चाखलं नाही आणि कधी चुकलं नाही."

"छान," पा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "मग वास घेऊन सांग. या करीत मीठ किती आहे?"

शरयू कढईवर वाकली. डोळे मिटले. वाफ चेहऱ्यावर घेतली. एकदा... पुन्हा एकदा...

सुलूने लसूण खाली ठेवला.

शरयू सरळ उभी राहिली. कपाळावर घाम आला होता, तो तिने पुसला नाही.

"पूर्वी कळायचं," ती म्हणाली.

"पूर्वी म्हणजे?"

सुलू म्हणाली, "माझा भाऊ होता तेव्हा. हिचे मिस्टर. गेल्या वर्षी गेला."

पा लामाय यांनी शेगडीची आच कमी केली. एक बुटकं वेताचं स्टूल ओढून शरयूच्या मागे ठेवलं. ती बसली.

"तो काय करायचा?" पा म्हणाल्या.

"काही नाही," शरयू म्हणाली. "पहिला घास घ्यायचे."

"आणि सांगायचा?"

"छे! ते कसले सांगतात. डावी भुवई वर गेली की समजायचं, मीठ कमी. दोन्ही गेल्या की जास्त. काहीच हललं नाही की बरोबर." तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी आलं आणि गेलं. "भुवई हलली की मी पातेलं घेऊन आत. नीट करून मग बाकीच्यांना वाढायची. पंगतीला कधी कळलंच नाही."

"म्हणजे चुकायचं," पा म्हणाल्या.

"...कधीतरी."

"कधीतरी?" सुलू म्हणाली. "वहिनी, दादाच्या डाव्या भुवईवर कायमची आठी पडली होती."

"सुलू!"

"खोटं आहे म्हण."

शरयूने आता कपाळावरचा घाम पुसला.

"मग वास कोणाला यायचा?" पा लामाय यांनी विचारलं. "तुला की त्याला?"

शेगडीवर करी बारीक आवाजात शिजत होती. शरयूने दुसरंच सांगितलं.

"ते गेल्यावर त्यांच्या वाढदिवसाला मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. त्यांचे मित्र, आमची माणसं. मुगागाठी केल्या होत्या. मूग आणि नारळाचं वाटण... त्यांचा जीव होता त्याच्यावर. नैवेद्य दाखवला, पानं वाढली. सगळे जेवले. 'वा वहिनी' म्हणाले. दोनदोनदा घेतलं. शेवटी आम्ही वाढणाऱ्या बायका बसलो. मी पहिला घास घेतला..."

तिने चमचा दुसऱ्या हातात घेतला.

"मीठच नव्हतं, पा. कमी नाही. नव्हतंच. कणभर नाही."

"मग?"

"मग मी पानं बघितली. उचलायची राहिली होती. आमच्याकडे पानात डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ वाढतात. एकाही पानात ते शिल्लक नव्हतं. सगळ्यांनी गुपचूप कालवून घेतलं होतं. कोणी एक अक्षर बोललं नाही. मीठसुद्धा परत कोणी मागितलं नाही."

"जेवले ना पण?"

"जेवले."

"उठून गेलं कोणी?"

"नाही."

"दोनदा घेतलं?"

"घेतलं म्हणते ना! पण मीठ नव्हतं!" शरयूचा आवाज चढला. "एवढी माणसं, आणि एकाने मला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी चहाशिवाय काही केलेलं नाही. डबा येतो. आता नातवंड झालंय. सून माहेरून आली की आमच्याकडे बारसं करायचं. ती म्हणते, आई, स्वयंपाक तुमच्या हातचा. मी मुलाला सांगितलं, केटरर बघ. पाहुण्यांना अळणी वाढून वर त्यांच्याकडून कौतुक करून घ्यायचं... मला नाही जमणार ते पुन्हा."

खालच्या मानेने ती चमच्याची दांडी बोटांनी फिरवत राहिली.

सुलूने हळू आवाजात म्हटलं, "मला पहिल्या घासाला कळलं होतं."

शरयूने मान वर केली.

"तुला कळलं होतं? तू तर पहिल्या पंगतीला होतीस त्या दिवशी!"

"कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

सुलूने लसणाची एक पाकळी उचलून उलटीपालटी केली. सबंध सहलीत तिचं तोंड बंद झालं नव्हतं. आता मात्र तिला शब्द शोधावे लागले.

"सांगायचं काम दादाचं होतं," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं तर..."

शरयू तशीच बसून सुलूकडे बघत राहिली. या बाईला आपण वर्षभर नुसती नवऱ्याची बहीण म्हणून सांभाळत होतो, की तीच आपल्याला? चल म्हणजे चल, म्हणत हिने पासपोर्ट काढायला लावला, तिकिटं काढली, रोज रात्री उगाच बडबडत जागी राहिली. विमानात बसताना हात धरला होता तो कोणी कोणाचा, हेही आता आठवत नव्हतं.

शरयूने हात लांब करून सुलूच्या गुडघ्यावरची लसणाची सालं झटकली.

"नीट सोलतसुद्धा नाहीस," ती म्हणाली. "अर्धा लसूण सालाबरोबर गेला."

"बँकेत नव्हतं हे."

पा लामाय यांनी शेगडी बंद केली. पळीत थोडी करी घेतली आणि ती निवेपर्यंत तशीच धरून ठेवली. मग त्या शरयूसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हात," त्या म्हणाल्या.

त्या मुलुखात पाककृती शिकवणाऱ्या बायका अशाच चाखायला देतात. चमचा पुन्हा पातेल्यात जायला नको म्हणून थेंबभर हातावर. पा लामाय यांनी त्यात काही विशेष केलं नव्हतं.

पण शरयूने हात पुढे केला तो देवळात करतात तसा. उजवा तळहात खोलगट, खाली डाव्या हाताचा आधार, मान किंचित लवलेली. पळी तिरकी झाली. हिरवे थेंब तळहातावर पडले. आणि शरयूने काही विचार करायच्या आत ते तीर्थासारखे पिऊन टाकले.

आणि मग, लहानपणापासून फिरवत आली तसा, ओला हात डोक्यावरून फिरवला.

सुलू तिच्या केसांकडे बघू लागली.

"वहिनी..." सुलू म्हणाली.

"काय?"

"भांगात कोथिंबीर आहे तुझ्या."

शरयूने हात वर नेला, बघितला. बोटं हिरवी, तेलकट. तिच्या पांढऱ्या केसांमधून एक ओघळ कानापर्यंत उतरला होता आणि त्याला गवती चहाचा वास येत होता.

आधी सुलू फुटली. ती हसता हसता स्टुलावरून घसरून खाली बसली, लसणाच्या सालांवर. पा लामाय यांना नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, पण त्याही पोट धरून हसू लागल्या. त्यांच्या तोंडात पुढचे दात नव्हते हे तेव्हा दिसलं. शरयूने आधी रागवायचा प्रयत्न केला. "अगं, हसता काय..." एवढं म्हणाली, आणि तिचा स्वतःचाच आवाज मध्येच घसरला. मग ती जी हसत सुटली ती थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ते मिरचीचं नव्हतं हे तिघींनाही कळत होतं. कोणी तसं म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसून शरयू शांत झाली.

"कशी आहे?" पा लामाय यांनी विचारलं.

शरयू जीभ टाळूला लावून बसली. दुधाची गोडी, मिरचीची धार, मागून येणारा लिंबाच्या सालीचा वास. काहीतरी होतं आणि काहीतरी नव्हतं.

"मीठ..." ती म्हणाली आणि थबकली. सवयीने तिने समोर बघितलं. समोर रिकामी शेगडी आणि आंब्याचं झाड होतं.

"मीठ काय?"

"कमी आहे."

सुलूने पळीतलं उरलेलं बोटावर घेतलं. "मला तर बरोबर लागतं."

"तुला काय कळतं? कमी आहे म्हणते ना."

हा आवाज सुलूने बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता. ती लगेच गप्प बसली, आणि तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

शरयू उठली. पा लामाय यांच्या फळीवर फिश सॉसची बाटली होती, माशांचं खारवलेलं तांबूस पाणी. मिठाची जागा तिथे तेच घेतं. तिने बूच काढून वास घेतला, नाक मुरडलं. "सुकटीच्या डब्यात पाय पडल्यासारखं येतंय," असं मराठीत पुटपुटली. कढईत थोडं सोडलं. ढवळलं. स्वतःच पळी घेतली, स्वतःच तळहात खोलगट केला. या वेळी डोक्याला हात गेला नाही. पण निम्म्या वाटेपर्यंत गेला होता.

"अजून थोडं," ती स्वतःशीच म्हणाली.

पुन्हा सोडलं. पुन्हा ढवळलं. पुन्हा हात.

मग तिने आच नसलेल्या कढईवर झाकण ठेवलं, घट्ट, वाफ जाऊ नये असं.

"झालं?" सुलूने विचारलं.

"झालं."

"दादा असता तर..."

"भुवई हलली नसती," शरयू म्हणाली.

पा लामाय आत जाऊन भाताची टोपली घेऊन आल्या होत्या. त्या जमिनीवर चटई पसरत होत्या. शरयू त्यांच्याजवळ गेली आणि चटईचं दुसरं टोक धरून ते सरळ करू लागली. काही वेळ दोघी नुसत्या सुरकुत्या काढत होत्या.

"पा."

"हं."

"आज तुम्ही होतात. ही होती. बारशाला शंभर माणसं येतील. सगळी भली माणसं. पुन्हा चुकले तरी एकजण तोंड उघडणार नाही." शरयूने चटईचा कोपरा दाबून धरला. "चुकले तर मी काय करू?"

पा लामाय यांनी तिच्याकडे बघितलं. मग त्या सावकाश, गुडघ्यावर हात टेकत, चटईवर बसल्या. रिकामी ताटली उचलली आणि दोन्ही हातांनी शरयूसमोर धरली.

"मला भूक लागली आहे," त्या म्हणाल्या. "वाढ."